बाबांची चाल

"लावा," आई म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि हातातली केकची बशी खाली ठेवून खुर्चीत सरळ बसली. फिरत्या भोवऱ्यावर कुणी बोट ठेवावं तशी खोली थांबली.

ताई, घरातली थोरली, आईकडे बघत राहिली. या घरात बाबांच्या त्या सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. थिएटरात तो पुन्हा लागला तेव्हा पोस्टर दिसू नये म्हणून आई लांबच्या रस्त्याने बाजाराला जायची. टीव्हीवर त्यातलं गाणं लागलं की हातातलं काम टाकून यायची आणि बटण दाबायची. "माझ्या माघारी बघा," म्हणायची, "मी आहे तोवर शपथ आहे." पुढे फोन आले, फोनवर सगळं जग दिसायला लागलं, तरी कुणी पाहिला नाही. आईची शपथ मोडणं म्हणजे आपणच आपल्या जिन्याची पायरी काढणं. मग वर चढायचं कशावरून?

आणि आज, पंच्याहत्तराव्या वाढदिवशी, नातीने घाबरत घाबरत विचारलं, तर पहिल्याच शब्दाला लावा.

"आजी, खरंच?" छकुली म्हणाली. ती भावाची मुलगी, एका जाहिरात कंपनीत कामाला. ऑफिसातला प्रोजेक्टर तिने सकाळीच पिशवीतून आणून सोफ्यामागे लपवला होता. "नंतर रागावणार नाहीस ना? नवी प्रत काढलीय त्यांनी, एकदम स्वच्छ. आजोबांच्या बुटांची लेससुद्धा दिसते म्हणे."

"रागवायला जीव कुठाय माझ्यात. पडदे ओढा."

"बघ!" मधली बहीण टाळी वाजवून म्हणाली. "मी म्हणत नव्हते ताई? सगळ्या जगाने आपल्या बाबांना पाहिलं आणि त्यांच्या पोटची पोरं तेवढी कोरडी. माझ्या सासरी अजून विचारतात, 'तो ट्रेवाला वेटर तुझा बाप ना गं?' मी मान हलवते. काय सांगू, पाहिलाच नाही म्हणून?"

"इतकी वर्षं नाही पाहिला, मग आजच काय अडलंय?" ताई म्हणाली.

"तुझं नेहमीचंच. पाणी दिसलं की आधी बुडायचा विचार."

भाऊ खो खो हसला. तो घरातलं शेंडेफळ, आता पंचेचाळिशी गाठलेलं. त्याचा धंदा काचा बसवायचा. आधी घरांच्या खिडक्या, मग दुकानांची दर्शनी कपाटं, आणि आता सोमवारपासून एका उंच इमारतीच्या बाहेरच्या काचा. दोरांना टांगलेल्या झुल्यावर उभं राहून, वाऱ्यात, माणसापेक्षा उंच काच दोन हातांत पेलायची. असं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं आणि त्याची मान आठवडाभर ताठ होती.

"थांबा," तो उठला, "पिक्चरच्या आधी ट्रेलर तर होऊ दे." आणि त्याने टेबलावरचा चहाचा ट्रे उचलला.

घरातली कुठलीही बैठक याच्याशिवाय उठायची नाही. बाबांची चाल! एक खांदा कानाला, मान तिरकी, पाय निसटल्यासारखा पुढे, गुडघा मधेच लचकलेला, वर ट्रे तिरपा होतोय आणि सावरतोय, कपबशा किणकिणताहेत, आणि पैज अशी की एकही कप पडता कामा नये. ताईने लहानपणी ती बाबांना पाहून उचलली, मधलीने ताईकडून, भावाने दोघींकडून. बाबा गेले तेव्हा भाऊ पाळण्यात होता. त्याने बाप पाहिला नाही. बापाची चाल तेवढी तो जन्मभर चालत आला.

कप किणकिणले. मधली "वा, वा" म्हणाली. छकुलीने टाळ्यांचा ठेका धरला. भावाने खोलीला एक फेरी घातली, आईसमोर वाकून सलाम ठोकला. मग चाल संपली. त्याचा खांदा खाली आला, चेहरा साधा झाला, तो ट्रे ठेवायला टेबलाकडे वळला, आणि ट्रेने पुन्हा एक झटका खाल्ला. कप लवंडला. चहा टेबलावरच्या कापडावर पसरला.

"ही जास्तीची!" मधली ओरडली. "भाऊ, तू तर बाबांच्याही पुढे गेलास रे!"

सगळे हसले. भाऊही हसला. फक्त भावजय हसली नाही. ती हातात फडकं घेऊन टेबलाशी उभी होती, आणि फडकं आणायला ती कधी उठली ते कुणी पाहिलं नव्हतं. चहा सांडायच्या आधीच उठली असणार. ताईने तिच्याकडे पाहिलं. भावजयीने नजर फडक्यात लपवली.

छकुली वायरी जोडत होती. ताई रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. भावजय नळाखाली फडकं पिळत होती, पिळून झालेलं पुन्हा पुन्हा पिळत होती.

"काय गं?"

"कुठं काय."

"फडकं सोड आधी. फाटेल."

भावजयीने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजाआडून ती हळू बोलली. "मागे त्यांच्या हातातून काच सुटली, ताई. मोठी. नशीब, खाली कुणी नव्हतं. कामावरचे सगळे हसले. हेही हसले. म्हणाले, बापाची चाल अंगात आली."

"थट्टाच केली असेल."

"दिवसा थट्टा. आणि झोपेत?" ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, रडून झाल्यावर होतात तसे. "झोपेत खांदा उडतो, पाय उडतो. मला लाथ बसते. झोपेत कुणी नक्कल करतं का हो?"

ताईच्या हातात कप होता. तिने तो ओट्यावर ठेवला, सांभाळून, काचेचं बाळ ठेवावं तसा.

"त्याला बोललीस?"

"बोलले की हसवतात. मी हसले की विषय संपतो. तुमच्या घरात असंच आहे ताई, रागावू नका, पण हसलं की विषय संपतो. तुम्ही बोला. तुमचं ऐकतात. परवा ते त्या झुल्यावर चढले की..." पुढचं वाक्य तिने पाण्यात सोडून दिलं.

"आत्या! आई! या लवकर!" छकुलीची हाक आली.

"पिक्चर होऊ दे," ताई म्हणाली. "मग बोलते." आणि आपण हे भीतीने म्हणालो की शहाणपणाने, ते तिचं तिलाच कळलं नाही.

पडदे ओढले तरी दुपार फटींतून आत डोकावत होती. भिंतीवरची तसबीर उतरवली होती, तिच्या जागेचा पांढरा चौकोन उरला होता. त्या चौकोनाहून मोठा उजेड भिंतीवर पडला आणि उजेडातून वाजंत्री आली.

सिनेमा खरंच देखणा होता, हे ताईला कबूल करावं लागलं. एक आलिशान हॉटेल, एकाच दिवशी दोन लग्नं, दोन्हीकडचे नवरदेव अदलाबदल झालेले. एकाला खरं बोलायची हिंमत नाही, दुसऱ्याला खोटं बोलता येत नाही. दारं उघडत होती, दारं मिटत होती, एका दारातून शिरलेला मामा दुसऱ्या दारातून सासरा होऊन बाहेर पडत होता. मधेच सगळे भांडण थांबवून नाचत होते. मधलीची हसता हसता पुरेवाट झाली. भाऊ मांडीवर थापा मारत होता. भावजय भावाकडे बघत होती, आणि आई भिंतीकडे. शेगडीवरच्या दुधाकडे बघावं तशी आई बघत होती. आता येईल वर, आता येईल.

"आले! आले!" मधली किंचाळली.

हॉटेलच्या मागच्या दारातून बाबा आले. पांढरा कोट, काळा बो, लांब मान, मोठे कान.

"अगं बाई," छकुली म्हणाली. "हे तर माझे बाबाच!"

भिंतीवर भाऊ उभा होता. पांढऱ्या कोटातला, हडकुळा, पण भाऊच. तेच कान, तीच हनुवटी. खाली बसलेला भाऊ तोंड उघडं टाकून वर बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्याला हलताचालता बाप दिसत होता.

बाबांच्या हातात ट्रे होता, ट्रेवर काचेच्या वाट्यांचा मनोरा. समोर नाचणाऱ्या जोड्यांचं रान. त्यातून पलीकडे जायचं होतं. त्यांनी पाऊल टाकलं, खांदा कानाला गेला, मान कलली, मनोरा डुलला. सगळा वाद्यवृंद त्यांच्या मागे लागला. खांद्याला सनई, गुडघ्याला ढोल, वाट्यांना बारीक घंटा. मनोरा पडतोय, पडतोय, सावरतोय. एक गिरकी घेणारी नवरी ट्रेखालून गेली. मधली डोळे पुसत होती. "बघा, बघा, कसे सावरतात! अशी कला परत नाही होणार!"

ताईही हसायला लागली होती. आणि मग तिच्या कानाला काहीतरी टोचलं.

ती लहान मुलांच्या नाचाच्या वर्गात पियानो वाजवायची, आयुष्यभर तेच करत आली होती. मोठी मुलं तालावर पाऊल टाकतात. तिला नुसतं वाजवत राहायचं असतं. पण नव्याने आलेल्या चिमुरड्यांना ताल कशाशी खातात ते माहीत नसतं, ती आपली पडतील तशी पावलं टाकतात. मग नजर पायांवर ठेवायची, पाऊल पडलं की स्वर द्यायचा, म्हणजे बघणाऱ्या आईबापांना वाटतं, वा, काय तालात नाचतंय आमचं पोर. त्या युक्तीत स्वर केसभर मागे राहतो. बाकी कुणाला तो उशीर ऐकू येत नाही. वाजवणाऱ्याला येतो.

भिंतीवर सगळे नाचणारे तालावर होते. फक्त बाबांच्या वेळी ताल बाबांच्या मागे धावत होता. केसभर मागे. खांदा आधी, सनई नंतर. गुडघा आधी, ढोल नंतर. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, मोजून दिलं नव्हतं. त्यांचं जे होत होतं ते होत होतं, आणि मागाहून कुणी हुशार माणसाने त्याला वाजंत्री लावली होती.

ताई हसायची थांबली.

लहानपणीची ती मागची खोली तिला आठवली. अर्धवट लोटलेलं दार, आत बाबा भिंतीला हात लावत चालताहेत, खांदा उडतोय. दारात आपण आणि मधली, तसंच चालून दाखवतोय. बाबा आपल्याकडे बघून हसताहेत, हसू तोंडाच्या एका बाजूने सांडतंय. आणि पाठीमागून आईचा आवाज, "सराव करताहेत बाबा. नवा सिनेमा आहे. हसा की गं, घाबरता कशाला?" मग दोघींना मावशीकडे पाठवलं. परत आल्या तेव्हा मागची खोली धुऊन ठेवली होती, आणि ताप डोक्यात गेला, असं सांगायची पद्धत पडली होती.

तिने अंधारात आपले हात मांडीवर पसरले. दहा बोटं. ती हलताहेत का? हलत नव्हती. की हलत होती? भिंतीवरच्या उजेडाची हालचाल होती ती की बोटांची? तिने हात मुठीत मिटले. शेजारी छकुली गुडघ्यांवर हनुवटी टेकून हसत होती, कोवळी, निवांत, आणि ताईला तिच्याकडे बघवेना.

सिनेमाचा शेवट आला. नवरदेव आपापल्या नवरीला मिळाले, मामा मामाच राहिला, आणि सगळ्या वऱ्हाडाचा एकत्र फोटो काढायचा ठरला. टकल्या फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला. "कुणी हलायचं नाही!" तो ओरडला. सगळे जागच्या जागी गोठले. एकाची शिंक अडकलेली, एकीचा पदर पेटत्या मेणबत्तीपाशी, एकाचा पाय हवेत. वाजंत्रीही थांबली. तेच तर हसायचं ठिकाण होतं, ती शिंक केव्हा फुटते त्याची वाट बघायची. जगभरचे लोक शिंकेकडे बघत असतील.

ताईने कोपऱ्यात पाहिलं. शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बाबा. हातात ट्रे नाही. कॅमेऱ्याचं लक्ष नाही. चेहरा ताठ, डोळे समोर, श्वाससुद्धा धरलेला. आणि मांडीशी धरलेल्या हाताची बोटं चालली होती. एकेक, वेगवेगळी, न थांबता.

शिंक फुटली. सगळे कोसळले. मधली हसता हसता सोफ्यावर आडवी झाली.

"छकुली," भाऊ म्हणाला. "मागे घे जरा."

"शिंक परत बघायचीय?"

"मागे घे. हां. थांब. इथे थांबव. नको, थांबवू नकोस, चालू दे."

तो उठला आणि भिंतीपाशी गेला. उजेड त्याच्या पाठीवर चढला, वऱ्हाडातली दोन माणसं त्याच्या शर्टावर आली. त्याने हात उचलला आणि बाबांच्या हाताशेजारी भिंतीला लावला. खोलीत कुणी हललं नाही. भिंतीवर दोन हात होते, एक उजेडाचा आणि एक मांसाचा, आणि दोन्हींची बोटं चालली होती.

भावजयीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. ताईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"नक्कल करतोय तो," मधली म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू अजून उतरलं नव्हतं, पण आता त्याला आधार नव्हता. "भाऊ, पुरे हं. आई, सांग ना त्याला. बाबा नट होते. नट काहीही करू शकतो. फोटोतसुद्धा तो... कुणी बघत नसतानासुद्धा..." ती थांबली. तिची नजर भिंतीवरच्या दोन्ही हातांवर गेली. "आई, माझ्या पोरी," ती एकदम म्हणाली. "माझ्या दोन पोरी आहेत, आई."

"पहिल्या खेळाला मी गेले होते," आई म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती. "नवी साडी नेसून. सगळं थिएटर हसत होतं, मीपण हसत होते. माझा नवरा, म्हणत होते शेजारणीला. मग हा फोटो आला. हसू ओठावरच राहिलं. घरी कप पडायचे तेव्हा वाटायचं, धांदरटपणा. तालमीत तसंच झालं, त्या लोकांना गंमत वाटली, काम मिळालं. मला वाटलं, बरं झालं. पण तिथे अंधारात बसून कळलं मला."

"मग तू त्यांना विचारलंस?" ताईने विचारलं.

"नाही."

"का?"

"सगळे हसत होते गं. जो तो दारात येऊन, 'चालून दाखव, चालून दाखव.' तो दाखवायचा. मी मधेच कसं विचारू? विचारलं असतं तर खरं झालं असतं. आणि तोही बोलला नाही. वाट बघत असेल कुणी विचारेल म्हणून. मग बोलायची जीभच गेली त्याची." तिने पदराने तोंड पुसलं. "या पोराचं गेल्या वर्षी दिसायला लागलं मला. रोज ठरवायचे, आज सांगते. जीभ उचलायची नाही. आज पोरीने विचारलं. म्हटलं, लावा. तुमचा बापच सांगेल."

"आजी, हे औषधाने..." छकुलीचा आवाज बारीक झाला. "तपासणी असेल ना काहीतरी? माझी पण?" तिच्या बोटाने रिमोट दाबला गेला आणि फोटो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कुणी हलायचं नाही! टकल्या ओरडला. छकुलीने घाबरून आवाज बंद केला.

भाऊ भिंतीवरून हात काढून वळला. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. त्याने एकेकाकडे पाहिलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं. "काय हे," तो म्हणाला, "वाढदिवस आहे की सुतक?" आणि त्याने खांदा कानाला नेला, मान तिरकी केली, पाऊल निसटल्यासारखं पुढे टाकलं. बाबांची चाल.

कुणी हसलं नाही.

तो आणखी एक पाऊल चालला. अंधारात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तो अडखळला. या घरात या चालीला आजवर हसू आलं नाही असं झालं नव्हतं. त्याने खांदा खाली घेतला. पण खांदा पूर्ण खाली आला नाही, मधेच एकदा उडाला, आणि तो उडताना सगळ्यांनी पाहिला, आणि भावाने त्यांना पाहताना पाहिलं.

आई उठली. काठी न घेता उठली, उजेडातून चालत त्याच्यापाशी गेली. भिंतीवरचं सगळं वऱ्हाड तिच्या पांढऱ्या केसांवर नाचून गेलं. तिने त्याची हनुवटी धरली. तो तिच्याहून दीड हात उंच, तरी त्याने मान खाली केली.

"कधीपासून रे, राजा?"

त्याने तोंड उघडलं. विनोद जिभेवर आला असावा, ताईला तो जवळजवळ दिसला. मग तो त्याने गिळला.

"बऱ्याच दिवसांपासून," तो म्हणाला. "आधी अंगठा. स्क्रू धरताना. मला वाटलं, दमलो. मग पाय. जिन्यात." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "काच सुटली ना आई, ती सुटली नाही. माझ्या हाताने फेकली. मी नव्हती फेकली, हाताने फेकली. खाली बघितलं तर कुणी नव्हतं. रात्री मला तिथे कुणीतरी दिसतं. रोज वेगळं कुणीतरी. एकदा छकुली होती."

"बाबा," छकुली म्हणाली.

"घाबरलो होतो गं. इतका घाबरलो होतो, आणि जिथे जाईन तिथे सगळे टाळ्या वाजवायचे."

मधली उठून त्याच्या पायाशी बसली आणि मोठ्याने रडायला लागली, जिने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या होत्या ती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथेही थांबेना.

"सोमवारचं काय?" भावजयीने विचारलं. इतका वेळ ताईच्या मुठीत असलेलं मनगट तिने सोडवून घेतलं होतं आणि ती उभी राहिली होती.

भावाने खिशातून फोन काढला. त्यावर मुकादमाचा नंबर शोधायला त्याचा अंगठा दोनदा चुकला. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"तू सांग त्यांना, मी येत नाही म्हणून," तो म्हणाला. "मी बोललो तर हसवीन."